कप्तान खाजाभाई, मुक्काम उदगीर

खाजाभाई, तुम्ही गेल्याचं ग्रुपवर कळलं तेव्हा कोणालाच खरं वाटलं नाही. याला जबाबदार तुम्हीच. इतकी वर्षं तुम्ही जे जे सांगत आलात, त्यातलं निम्म्याहून जास्त आम्ही थाप म्हणून बाजूला काढत आलो. तशी सवयच लागली होती. मजकूर तुमच्याच नंबरवरून आला होता: खाजाभाई आज दुपारी दुकानात बसल्या बसल्या गेले. त्याखाली मालवणच्या बाबल तांडेलांनी लिहिलं, "खाजा, आता ह्या काय नवीन काढलंस?" त्यावर तुमचं उत्तर आलं नाही. तुम्ही उत्तर न देता राहिलात असं कधी झालं नव्हतं. मग मी रेहानाभाभींना फोन लावला. त्या नुसतं "मॅडम" म्हणाल्या आणि मला पुढं काही विचारावं लागलं नाही.

मी तेव्हा क्लासच्या जिन्यात उभी होते. वर भरगच्च हॉल माझी वाट बघत होता आणि मला फिजिक्सचा पुढचा धडा घ्यायचा होता. घेतला. काय शिकवलं ते आठवत नाही.

‘होडीवेडे’ हा आपला ग्रुप मुळात कोकणातल्या लोकांचा. कोणाच्या होडीला नवं इंजिन बसलं, कोणी वादळातून कसा परत आला, कोणाचं शीड किती मोठं, याच्या बढाया तिथं सकाळ-संध्याकाळ चालायच्या. मुलांना पदार्थ पाण्यावर का तरंगतो हे शिकवायला मी होड्यांचे व्हिडिओ शोधत होते, त्या नादात मी तिथं शिरले आणि राहिले. दिवसभर मुलांच्या शंका सोडवून झाल्यावर, ज्यात मार्क नाहीत असं काहीतरी वाचायला मला बरं वाटायचं. मी काही लिहीत नव्हते. तोंड उघडायला तुम्हीच लावलंत.

तुम्ही आपली ओळख करून दिली होती, "कप्तान खाजाभाई, मुक्काम उदगीर." आणि लगेच सांगितलं होतं, की देगलूरकडच्या एका ओढ्याला पूर आला असता तुम्ही नवरदेवासकट अर्धं वऱ्हाड धान्याच्या पत्र्याच्या कोठीत बसवून पलीकडं नेलं. सगळे तुटून पडले. फोटो दाखवा, फोटो. तुम्ही म्हणालात, त्या काळी क्यामेरा कोनाकडं होता, नवरदेवाला इचारा. नवरदेव कुठं आहे? "तो बायकोशी भांडून दुबईला गेला." मला राहवलं नाही. मी लिहिलं, "खाजाभाई, कोठीची उंची, रुंदी आणि वजन सांगा. मग ती कितीजणांना पेलेल ते मी काढून देते."

तुमचं उत्तर आलं, "मॅडम, कोठी हाय, सोयरीक न्हाई, उंची आन् वजन इचारायला."

वर्गात मी एवढी कधी हसले नसेन. पण मी सोडलं नाही. तुम्हीही सोडलं नाहीत. तेव्हापासून आपलं जे भांडण लागलं ते अजून लागलेलंच आहे.

तुमचा धंदा पत्र्याच्या पेट्यांचा. लातूरला शिकायला येणारा पोरगा अहमदपूरचा असो की बिलोलीचा, त्याच्या हातात एक निळी नाही तर हिरवी पेटी असायची, वर कुलूप, आत पुस्तकं आणि आईनं दिलेली चटणी. माझ्या क्लासमधल्या पेट्यांतल्या अर्ध्या तुमच्या, असा तुमचा दावा. "मॅडम, तुमी पोरं घडवता, मी त्यान्ला पेटी देतो. लातूर पॅटर्न म्हंजे आपन दोघं." निकालाच्या दिवशी शहरभर मुलांच्या चेहऱ्यांचे फलक लागले की तुम्ही ग्रुपवर लिहायचा, यात आमच्या पेटीचं पोरगं कोन ते वळखा.

पेट्या करता करताच तुम्ही पत्र्याची होडी करायला घेतली. आणि तीही नेमकी ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात. आम्ही इथं टँकरच्या रांगेत घागरी लावत होतो आणि तुम्ही होडीच्या तळाचा फोटो टाकलात. तांडेलांनी विचारलं, "खाजा, होडी खंय चालवतलस? टँकरात?"

तुम्ही म्हणालात, "तांडेलसाब, तुमच्याकडं पानी हाय म्हनून होडी हाय. आमच्याकडं पानी न्हाई, तरी होडी हाय. आता तुमीच सांगा, शौकीन कोन?"

त्या दिवशी अख्खं कोकण गप्प बसलं होतं, खाजाभाई. त्या उन्हाळ्यात मला कशाचा अभिमान वाटला असेल तर तो त्या एका वाक्याचा. हे तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही ते पुढची दोन वर्षं सगळ्यांना ऐकवत बसला असता.

एकदा मी फोनवर विचारलं होतं, की कोरड्या गावात राहून होडीचं हे खूळ आलं कुठून. तुम्ही म्हणालात, भूकंपातून. तेव्हा तुम्ही पेट्यांच्या कारखान्यात नुकतेच लागलेले. भूकंपानंतर दगडमातीच्या घरात कोणी झोपायला तयार नव्हतं, सगळ्यांना पत्रा पाहिजे होता, म्हणून तुम्हा पोरांना ट्रकात घालून किल्लारीच्या बाजूला शेड ठोकायला नेलं. "तवापासून मला जमिनीचा भरवसा वाटंना मॅडम. पानी कसं, आधीच सांगून हालतं."

मी म्हटलं, आमचं गावही त्याच बाजूचं. आम्हीही शेडमध्ये राहिलो. मी शाळेत होते तेव्हा.

"मंग तुमच्या डोक्यावरचं पत्रं माझंच असनार."

"खाजाभाई, शेडं काय थोडी होती? कोणी कोणाचं ठोकलं याला काही पुरावा?"

"पुरावा काय, उडालं का ते पत्रं?"

"नाही उडालं."

"मंग माझंच."

मी त्यावरही वाद घालणार होते. पण त्याऐवजी, का कोण जाणे, मी तुम्हाला रेखाचं सांगितलं. माझी धाकटी बहीण. भिंत तिच्या बाजूला पडली आणि मी दाराच्या बाजूला होते. हे मी क्लासमध्ये कोणाला सांगितलेलं नाही. लातूरला घर घेताना गच्चीवर पत्र्याची खोली असलेलंच घर का घेतलं, हे शेजाऱ्यांनाही माहीत नाही. तुम्ही हळूच विचारलंत, "लई ल्हान होती का?" मी हो म्हटलं. तुम्ही फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर तुमचा मजकूर होता: "मॅडमचं गनित म्हंजे पेपरातलं राशिभविष्य. सगळ्यान्ला लागू, कोनाचंच खरं न्हाई."

लोकांना एकदा असलं काही कळलं की ते आपल्याशी जपून बोलायला लागतात. आवाज खाली आणतात. तुम्ही तसं काही केलं नाही. आदल्या दिवशी जिथं सोडलं होतं तिथूनच भांडण पुढं चालू केलंत. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले. कसे मानायचे, हेच कळलं नाही.

टँकरच्या त्या उन्हाळ्यानंतर पाऊस असा लागला की मांजरा धरण भरलं. आता होडीचं काय, म्हणून ग्रुप तुमच्या मागं लागला. तुम्ही टेम्पोत होडी घातली. तांडेल मालवणहून आले, आणखी पाच-सहा हौशी आले, मी रविवारची टेस्ट दुसऱ्या सरांवर ढकलून आले. आपली ती पहिली भेट. मला वाटलं होतं, एवढ्या बढाया मारणारा माणूस धिप्पाड असेल. तुम्ही माझ्या खांद्याला लागत होता. नवीन पठाणी, डोळ्यांत सुरमा, आणि होडीवर मोठ्या अक्षरांत ‘कप्तान’.

मी होडी बघितली आणि म्हटलं, "खाजाभाई, ही अरुंद आहे. बसून राहिलात तर तरेल. जरा इकडंतिकडं केलंत तर कलंडेल."

"मॅडम, तुमी पान्यात उतरायच्या आधीच निकाल लावून राहिल्या."

ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब कमरेला बांधल्याशिवाय मी तुम्हाला चढू दिलं नाही. नव्या पठाणीवर ट्यूब, त्याचा तुम्हाला केवढा राग आला होता. पण बांधलीत. बसलात, वल्हं मारलंत, होडी सरळ निघाली. खरंच निघाली. आम्ही काठावरून टाळ्या वाजवल्या. आणि तांडेल ओरडले, "खाजा, फोटो! उभो रव!"

तुम्ही उभे राहिलात. एक हात कमरेवर, दुसरा कपाळाशी सलामीला. तेवढा एक फोटो आहे. त्यापुढचा पाण्याचा आहे.

ट्यूबनं तुम्हाला वर ठेवलं. बाहेर आलात तेव्हा दाढीत शेवाळ होतं आणि तोंड बंद नव्हतं. "होडी पलटी न्हाई झाली! मी पलटी झालो! होडीचा काय कसूर?" मी म्हटलं, होडी आणि माणूस वेगळे धरायचे नसतात, माणूस उभा राहिला की दोघांचा मिळून भार वर सरकतो. तुम्ही म्हणालात, म्हंजे चूक तांडेलची. तांडेल म्हणाले, माझी कशी, मी फक्त उभो रव म्हटलंय, पड नाय म्हटलंय. काठावर भाकरी आणि ठेचा खाताना आपण तिघं यावर भांडत होतो आणि ओल्या पठाणीत तुम्ही कुडकुडत होता. माझ्या आठवणीतल्या चांगल्या दिवसांत तो दिवस फार वर आहे.

पण ग्रुपवरच्या कोणीतरी त्या बुडण्याचा व्हिडिओ बाहेर पाठवला. तो फिरत फिरत उदगीरला पोचला. तुम्ही ग्रुपवर लिहिलंत, "मांजरा धरनात डुबकी घेऊन जित्ता आलेला पयला कप्तान." खाली हसणारे चेहरे, एक भली मोठी रांग. आम्हीही हसलो.

पुढचं भाभींनी मला आत्ता, तुम्ही गेल्यावर सांगितलं. की पेटी घ्यायला आलेली माणसं विचारायची, कप्तान, ही तरी तरंगती का? की पोरं दुकानासमोरून "डुबूक" म्हणत पळायची. की चौकातल्या ज्या हॉटेलात तुम्ही उभी हयात चहा प्यायलात, तिथं तुम्ही महिनोन् महिने गेला नाहीत. चहा घरून यायचा. खाजाभाई, मी तुमच्या कोठीची उंची-रुंदी मागितली, शेडचा पुरावा मागितला. ते हसणारे चेहरे तेवढे मी न तपासता खरे धरले.

मला वाटलं होतं, तुम्हाला होडीचा कंटाळा आला असावा. म्हणून उदगीरला एका लग्नाला आले तेव्हा मुद्दाम दुकानात आले. तुम्ही पेटीच्या कोपऱ्याला डाग देत होता. शिसं वितळल्याचा वास, सगळीकडं पत्र्याची कात्रणं. मी म्हटलं, "होडी कुठाय?" तुम्ही मागं बोट दाखवलंत. तिच्यात भंगार भरलं होतं.

"खाजाभाई, दोन्ही बाजूंना हवाबंद पेट्या लावल्या तर? होडी रुंद होईल, आणि पाणी शिरलं तरी बुडणार नाही."

तुम्ही मान वर केली नाही. "पेट्या तर मला येत्यात," म्हणालात. कोपऱ्याचा डाग पुरा करून विचारलंत, "केवढ्या?"

तिथून दुसरी होडी सुरू झाली. मी आकडे काढायचे, तुम्ही ते हाणून पाडायचे. पेटी हातभर लांब म्हटली की तुम्हाला दीड हात हवी असायची. तळ सपाट की निमुळता, यावर आपण एक अख्खा पावसाळा घालवला. तुम्ही सपाट म्हणत होता, तांडेलांना मध्ये घेतलं तर ते निमुळता म्हणाले, लगेच तुम्ही त्यांच्या सात पिढ्या खाऱ्या पाण्याच्या आहेत, त्यांना गोड्यातलं काय कळतं, म्हणालात. शेवटी तळ सपाटच झाला. ते तुमचं बरोबर होतं. हे मी कबूल केलं होतं की नाही, आठवत नाही. नसेल केलं.

होडी तयार झाली. ती मागच्या खोलीत उभी राहिली. तुम्ही म्हणालात, मॅडम आल्याबिगर पान्यात घालायची न्हाई. पण पाणी होतं तेव्हा मला सवड नव्हती आणि मला सवड होती तेव्हा पाणी नव्हतं. एका वर्षी तलावाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. एका वर्षी तुमच्या मुलीचं लग्न. मग परीक्षा, मग निकाल, मग नवी बॅच. मग तुम्हाला जिना चढताना दम लागायला लागला आणि डॉक्टरांनी जड उचलू नका म्हटलं. "या दिवाळीला नक्की," असं आपण दोघंही म्हणायचो, आणि दोघांनाही ते खरंच वाटायचं.

एक गोष्ट मी त्या दिवसासाठी राखून ठेवली होती. गेल्या उन्हाळ्यात आई माझ्याकडं राहायला आली होती. तिला सहज विचारलं, शेड ठोकायला आलेली पोरं आठवतात का? आई म्हणाली, "त्यातलं एक लई बडबडं होतं बाई. घर गेलेलं, लेकरू गेलेलं, आमाला काय सुचतंय? आन् हे वरून वरडतंय, मावशी, हे पत्रं वाऱ्यानं उडालं तर माझं नाव बदला. मला तवा राग आला. नंतर वाटलं, कोन तरी बोललं तरी."

मी विचारलं, त्याचं नाव काय होतं? आई म्हणाली, आता कुठलं ध्यानात.

म्हणजे पुरावा नाहीच. बडबडी पोरं मराठवाड्यात काही कमी नव्हती. तरी मी ठरवलं होतं, की होडी पाण्यात गेली, तुम्ही नीट बसलात, की मग सांगायचं, आणि तुमचं तोंड बघायचं. फोनवर सांगून टाकायला हवं होतं. एक फोनच तर होता. आता ते सांगायला जगात तुमच्याशिवाय दुसरं माणूस नाही, आणि तुम्ही नाही.

तुमचं चाळिसावं झाल्यावर भाभींचा फोन आला. "मॅडम, ती होडी मला घरात बघवंना. पान्यात तरी घाला, न्हाई तर भंगारात." मी तांडेलांना कळवलं. ते रात्रभर एसटीत बसून उदगीरला उतरले. टेम्पो केला आणि आम्ही तिघं हाळीजवळच्या तिरू धरणावर गेलो. या वर्षी पाणी काठोकाठ आहे.

होडी उतरवली तेव्हा मी ती पुरी पहिल्यांदा बघितली. दोन्ही बाजूंच्या पेट्या, एकही डाग सुटलेला नाही. पण आत, डाव्या बाजूला, आपण ठरवलं नव्हतं असं काहीतरी होतं. एक बैठक, तिला पाठ. पत्र्याची कड आत वळवलेली, लागू नये म्हणून, आणि वर रेक्झिनची गादी.

मी विचारलं, हे काय?

भाभी म्हणाल्या, "ती तुमच्यासाठी हाय. म्हनायचे, मॅडम दिसभर उभं राहून शिकिवत्यात, कंबर धरून चालत्यात, पान्यात तरी टेकून बसू द्या. मी म्हनलं, मलाबी बसवा की एकदा. तर म्हनाले, आधी मॅडमकडून पास होऊ दे."

होडी पाण्यात ढकलली. तरंगली. तांडेल गुडघाभर पाण्यात उभे राहून तिला हातानं हलवून बघत होते. "वायच डावीकडे कलता हां," ते म्हणाले. "ही पाठ काढून टाकूया काय?"

भाभींनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "राहू द्या."

मी चढले आणि त्या पाठीला टेकून बसले. होडी आणखी कलली. भाभी पदर खोचून आल्या, बिस्मिल्ला म्हणाल्या आणि माझ्या समोर उजव्या कडेला बसल्या, तशी ती सरळ झाली. तांडेलांनी वल्हं हातात घेतलं.

काठ बराच मागं पडल्यावर मी तुम्हाला मनातल्या मनात सुनावलं. खाजाभाई, एवढं वजन एका बाजूला लावतात का? पाठ मधोमध हवी होती. तुमच्याकडं त्याला काहीतरी उत्तर असणार, आणि ते असं असणार की तांडेलांच्या हातातलं वल्हं थांबलं असतं. परत काठाला लागेपर्यंत मी ते उत्तर शोधत होते. अजून शोधते आहे. मला नाही जमत, खाजाभाई.